आमेनच्या आधी

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी नुकतीच औषधाच्या दुकानातून घरी आले होते. हातांना खोकल्याच्या औषधाचा वास होता, तरी तसंच फोडलं. हवा पालटायला लागली की आमच्या काउंटरवर नुसती शिंकणाऱ्यांची रांग लागते. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात माझे डोळे जातात आणि लोकांना वाटतं मी मुद्दाम वेळ काढते.

घरी सगळे ठीक आहेत. भिंगरी नऊची झाली, पण एका जागी दोन मिनिटं टेकत नाही. हे नाव तू ठेवलंस आणि निस्तरत बसले मी. हे आगारात बसचं वेळापत्रक लावतात आणि घरी आमचं. त्यामुळे संध्याकाळची प्रार्थना सात म्हणजे सातलाच. आधी भिंगरी, मग थोरली, मग हे दोन वाक्यांत उरकतात, आणि शेवटी मी.

परवाची गंमत ऐक. भिंगरीने डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "प्रभू, गणिताच्या बाईंनी वहीत लाल शाईने जे लिहिलंय, ते आईच्या नजरेला पडू देऊ नकोस." मी आमेन म्हटलं आणि तिथल्या तिथे हात पुढे केला. आण वही. हे इतके हसले की यांना ठसका लागला. वहीत लिहिलं होतं, मुलगी वर्गात फार बोलते, पालकांनी भेटावं. दुसऱ्या दिवशी जाऊन भेटले, आणि घरी येऊन भिंगरीची चांगली हजेरी घेतली.

शेजारीण मला विचारते, तुमच्या मुली तुम्हाला सगळं सांगतात तरी कशा, आमच्याकडे तर तोंडाला कुलूप. मी म्हटलं, मला कुठे सांगतात, देवाला सांगतात, मी फक्त तिथे असते. ताई, मला याचा अभिमान वाटतो. थोरलीने सात वर्षांची असताना काचेची बरणी फोडली, त्याआधी पहिलीत असताना मैत्रिणीच्या वहीतून उत्तरं उतरवली. दोन्ही मला प्रार्थनेतच कळलं आणि वेळच्या वेळी कान पिळता आला. लोक म्हणतात, मुलं वाढली की हातातून निसटतात. माझ्या नाही निसटल्या.

थोरली आता सतराची. हल्ली बोलत नाही फारशी. काय झालं विचारलं की "काही नाही", एवढंच. पण तिची प्रार्थना ऐकलीस तर थक्क होशील. एक शब्द अडखळत नाही. पाळकसाहेबांनी तरुणांच्या सभेत तिला प्रार्थनेला उभं केलं, तेव्हा महिला मंडळातल्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. दिवसभर ती गप्प असते म्हणून जिवाला घोर लागतो, आणि सात वाजता तिचा आवाज ऐकला की जीव भांड्यात पडतो.

नोव्हेंबरमध्ये तिचं दृढीकरण आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी ती पाळण्यातली होती, तेव्हा तिच्या वतीने वचन तू दिलंस. आता तेच वचन ती मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने देईल. धर्ममाता म्हणून तू तिच्या शेजारी उभी राहायला हवीस. तुमच्या इस्पितळात रजा मागायची म्हणजे दात उपटून घेण्यासारखं आहे हे ठाऊक आहे, म्हणून सात-आठ महिने आधी सांगते.

तुझी,
धाकटी


३ एप्रिल

प्रिय धाकटे,

रजेचा अर्ज टाकला. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून बघितलं, म्हणजे मिळेल.

भिंगरीची गणिताच्या बाईंची हकीकत मी वॉर्डातल्या दोन नव्या परिचारिकांना वाचून दाखवली. दोघी खूप हसल्या. मग त्यातल्या एकीने विचारलं, "सिस्टर, त्या मुलीने दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत काय मागितलं?" मला सांगता येईना. तू लिहिलंच नाहीस.

थोरलीचं वाचून बरं वाटलं. फक्त एक विचारते. ती स्वतःसाठी काय मागते? इतकं सुरेख बोलते म्हणतेस, तर त्यात तिचं स्वतःचं काय असतं ते मला जाणून घ्यायचंय. महिनाभर लक्ष देऊन ऐक आणि कळव. नाहीतरी तू ऐकतेसच.

इथे चौथ्या खाटेवरची एक म्हातारी मला रोज "बाळ" म्हणून हाक मारते. पन्नाशी उलटल्यावर कोणी बाळ म्हणालं की पायांचं दुखणं थोडं कमी होतं. तुमच्या दुकानात असलं औषध मिळत नसणार.

ताई


९ जून

प्रिय ताई,

तू म्हणालीस म्हणून मी खरंच महिनाभर ऐकलं, आणि विसरायला नको म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर टिपून ठेवलं. थोरली आजाऱ्यांसाठी मागते, तळमजल्यावरच्या आजोबांसाठी, रस्त्यावरच्या चालकांसाठी (म्हणजे यांच्या आगारासाठी), पाळकसाहेबांच्या कुटुंबासाठी, जगात शांती यावी म्हणून. स्वतःसाठी एक शब्दही नाही. ताई, किती निःस्वार्थी आहे गं पोर. लिहिताना माझे डोळे भरून आले.

आणि तुझ्या त्या परिचारिकेला सांग, भिंगरीनेही आता बहिणीचा कित्ता गिरवायला घेतलाय. आजाऱ्यांना बरं कर, प्रवाशांना सांभाळ, आमेन. गणिताच्या बाई काही परत आल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांत केवढा पोक्तपणा आला.

इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. तरी दृढीकरणाचा पांढरा झगा शिवायला घेतला, कारण ऐनवेळी शिवायचं म्हटलं की माझं यंत्र रुसतं. माप घेताना थोरली खांबासारखी उभी होती. मध्येच म्हणाली, "आई, कोणी नाही म्हटलं तर चालतं का?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून नुसती मान हलवली. गळ्याला लेस लावायची होती, ती तिला नको असेल असं मला वाटलं. शेवटी लेस लावली नाही. तिच्या मनासारखं केलं, तरी पोरीचं तोंड उतरलेलंच.

तुझी,
धाकटी


२ जुलै

प्रिय धाकटे,

हे पत्र बसून वाच. गॅस बंद कर, भिंगरीला खेळायला पाठव आणि मग वाच.

थोरली गेली दोन वर्षं मला पत्रं लिहिते. येता-जाता पोस्टाच्या पेटीत टाकते. मी उत्तरं तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवते. मी हे तुझ्यापासून लपवलं. ती काय लिहिते ते मी तुला सांगणार नाही. फक्त एक गोष्ट सांगायची परवानगी मी तिच्याकडून मागून घेतली, त्यात पंधरा दिवस गेले. ती गोष्ट अशी.

सात वर्षांची असताना तिने प्रार्थनेत बरणी फोडल्याचं कबूल केलं. बोलून झाल्यावर देव रागावला का हे बघायला तिने एक डोळा किलकिला केला. तर तू तिच्याकडे बघत होतीस. तिने मला लिहिलं, "मावशी, आई आमेनच्या आधीच डोळे उघडते."

त्या दिवसापासून ती देवाशी बोलत नाही गं, तुझ्याशी बोलते. जे तुला कळायला नको, ते ती तिथेही बोलत नाही. म्हणून तिची प्रार्थना अडखळत नाही. अडखळण्यासारखं ती त्यात काही ठेवतच नाही. आणि आता भिंगरीही शिकली. त्या दोघी पोक्त झाल्या नाहीत, सावध झाल्या.

तुमच्या दुकानात कोण कुठलं औषध नेतं हे तू नवऱ्यालाही सांगत नाहीस. मागे आपल्या मामीने तुला खोदून खोदून विचारलं होतं, समोरची बाई कसल्या गोळ्या घेते म्हणून, तेव्हा तू तिला सरळ दाराची वाट दाखवलीस. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. काउंटरवर परक्यांसाठी जे पाळतेस, ते घरात पोटच्या पोरींसाठी पाळायला तुला कोणी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. मार्चमध्ये तुझं पत्र वाचून आधी मीही हसलेच होते.

नोव्हेंबरबद्दल थोरलीशी बोल. प्रार्थनेत नको, अशीच, चालता चालता बोल. तिने तुला एकदा विचारलं होतं, तेव्हा तुझ्या तोंडात टाचण्या होत्या.

ताई


११ जुलै

ताई,

पत्र मिळालं. दोन वर्षं माझी मुलगी माझ्या पाठीमागे पत्रं टाकते आणि माझी सख्खी बहीण ती झेलते. वर मलाच शहाणपण शिकवते.

मुली मोठ्या करणं म्हणजे वॉर्डातली पाळी नव्हे, की आठ तास झाले आणि किल्ल्या दुसरीच्या हातात दिल्या. रात्री ताप चढला तर पोरीच्या उशाशी मी बसते. ती कुठे जाते, कोणाबरोबर बसते, हे मला कळायला नको तर कोणाला कळायला हवं? तुला मूल असतं तर असलं पत्र लिहायला तुझा हात धजला नसता.

तिची सगळी पत्रं मला पाठवून दे. नोव्हेंबरचं मी बघून घेईन.

धाकटी


२८ जुलै

प्रिय धाकटे,

पत्रं पाठवणार नाही.

मुलाबद्दलचं वाक्य लागलं. लागलं नाही असं लिहून बघितलं होतं, पण ते खोटं होतं, म्हणून कागद बदलला. मला याहून जास्त काही लिहायचं नाही. तू लिहायचं मात्र थांबवू नकोस.

ताई


१५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

अडीच महिने मी तुला लिहिलं नाही. चार वेळा कागद घेतला आणि दर वेळी आधी त्या वाक्याची माफी मागायला हवी म्हणून ठेवून दिला. तर ती आधी मागते. ताई, मला क्षमा कर. ते वाक्य मी तुला दुखवायलाच लिहिलं होतं, चुकून नाही.

आता जे झालं ते सांगते. दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुकान लवकर बंद झालं. घरी कोणी नव्हतं. मी थोरलीचं कपाट उघडलं. थंडी येईलच आता, लोकरीचे कपडे काढायचे होते असं मी स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, लोकरीचे कपडे पलंगाखालच्या पेटीत असतात. शाळेच्या जुन्या वह्यांखाली तुझी पत्रं होती, केसांच्या फितीने बांधलेली. गठ्ठा मी हातात घेतला. फितीची गाठ सोडली. आणि मागे बघते तर दारात भिंगरी. शाळेतून आली होती, दप्तर पाठीलाच.

तिने माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, घाबरू नकोस. मी देवालासुद्धा सांगणार नाही."

ताई, मी खाली बसले. पोरीला वाटलं मला चक्कर आली, पाणी आणायला धावली. नऊ वर्षांची माझी मुलगी मला धीर देत होती, आणि काय न सांगण्याचं वचन देत होती ते ऐकलंस ना? हे मीच तिला शिकवलं. मी फीत परत बांधली. मला तशी गाठ काही आली नाही.

सात वाजता सगळे बसलो. भिंगरीने आजारी लोक, प्रवासी सगळे घेतले आणि माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. थोरलीचं नेहमीसारखं झालं. यांचं झालं. माझी पाळी आली. मी एरवी शेवटी सगळ्यांचं मिळून छान गुंफून म्हणते. त्या दिवशी तसं नाही केलं. मी म्हटलं, "प्रभू, आज मी थोरलीचं कपाट उघडलं. पत्रं वाचली नाहीत, पण वाचणार होते. आणि या मुली तुझ्याशी बोलत होत्या ते मी इतकी वर्षं चोरून ऐकलं, त्यावरून त्यांना रागावले. मला क्षमा कर." डोळे मी मिटलेलेच ठेवले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमेन म्हणेपर्यंत थोरली उठून गेली होती.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटायचं, कबूल केलं म्हणजे ती येऊन गळ्यात पडेल. माझंही भिंगरीसारखंच, सांगितलं की मोकळी. पाचव्या दिवशी ती एकटी पाळकसाहेबांकडे गेली आणि घरी येऊन मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज न चढवता म्हणाली, "आई, मी नोव्हेंबरमध्ये उभी राहणार नाही. मी देवाशी एकदाही एकटी बोललेले नाही. मग वचन कसलं देऊ?" मी कांदा चिरत होते. यावेळी तोंडात टाचण्या नव्हत्या. शेवटी म्हटलं, बरं.

पाळकसाहेब म्हणाले, घाई नाही. महिला मंडळाला मात्र घाई आहे. रविवारी दोघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, काही भानगड तर नाही ना. आठ महिन्यांपूर्वी याच बायका वळून बघत होत्या तेव्हा मला गोड वाटलं होतं. हे रात्री जेवताना म्हणाले, "मी पण प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो. घड्याळ बघायला." बिचाऱ्यांना मला हसवायचं होतं. मी हसले आणि मग रडले.

आमच्या घरात आता प्रार्थना कशी करायची मला कळत नाही. बंद केली तर माझ्या विश्वासाचं काय, चालू ठेवली तर त्यांच्या विश्वासाचं काय. थोरली देवापासून दूर गेली तर ती माझ्या हाताने गेली, हे मला सहन होणार नाही. सांग, काय करू?

तुझी,
धाकटी


३० ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

क्षमा केव्हाच झाली, आता तो विषय बंद.

मलाही काही कबूल करायचंय. थोरलीचं पत्र आलं की मला आनंद व्हायचा, आणि त्यात एवढासा आनंद ती तुला न लिहिता मला लिहिते याचा होता. तिने तुझ्याशी बोलावं असं मी तिला दोन वर्षांत जेमतेम दोनदा सुचवलं असेल. पाळण्यापाशी वचन दिलं, ते काही हे नव्हे. म्हणून मला फार शहाणी समजू नकोस.

काय करायचं ते मला माहीत नाही. वॉर्डात एवढंच शिकले की रुग्णाजवळ बसताना खुर्ची कुठे ठेवायची ते रुग्णाला विचारावं. तूही मुलींना विचारून बघ.

दृढीकरण नसलं तरी रजा रद्द करत नाही. मेट्रनबाई पुन्हा चष्म्यावरून बघतील. चार दिवस येते. मला पलंग नको, भिंगरीशेजारी झोपेन, आणि ती लाथा मारते हे मला माहीत आहे.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू येऊन गेल्याला तीन महिने झाले. भिंगरी अजून तुझ्यासारखं नाडी बघत फिरते. आगारातल्या एका चालकाचे ठोके तिने एकशे नव्वद मोजले आणि त्याला झोपायला लावलं.

तू म्हणालीस तसं मी मुलींना विचारलं. भिंगरी म्हणाली, मला मनात म्हणायचंय आणि मध्येच हलायचंय. थोरली म्हणाली, मला माझ्या खोलीत, दार लावून. मग तसंच ठरलं. सात वाजता आम्ही सगळे मिळून एक गीत म्हणतो, शास्त्रातला थोडा भाग वाचतो आणि जो तो आपापल्या जागी जातो. पहिले काही दिवस मला घर ओकंबोकं वाटायचं. थोरलीच्या दाराआड काही चालतं की नाही, काही म्हणजे काही कळत नव्हतं. ती प्रार्थना करते, पुस्तक वाचते की नुसती छताकडे बघते. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी विसळत बसायचे. ताई, ऐकू न येणं इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं.

काल हे आगारातून उशिरा येणार होते आणि भिंगरी शेजारी गेली होती. गीत आम्ही दोघींनीच म्हटलं. थोरली खोलीत गेली. तिच्या दाराची कडी हल्ली नीट बसत नाही, ते बोटभर उघडं राहिलं. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तिथेच बाहेर बसले होते. आणि आतून तिचा आवाज आला. सभेतला नव्हे. अडखळत, मध्येच थांबत, घसा खाकरत. म्हणाली, "देवा, तू आहेस की नाही मला माहीत नाही. पण मला फार भीती वाटते, कारण..."

सतरा वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. हातातला कपडा तसाच राहिला. ताई, तिला कसली भीती वाटते हे मला कळायला हवं होतं. या जगात दुसरं काहीच मला तितकं हवं नव्हतं. अजून एक वाक्य, आणि मला कळलं असतं.

मी उठले, अनवाणीच जिना उतरले आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. बाहेर गार होतं. समोरून मोटारी जात होत्या, त्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, काय हो, चप्पल विसरलात? मी म्हटलं, हो, विसरले. बराच वेळ मी तिथेच उभी होते. तिच्यासाठी प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द सुचेनात. मग एवढंच म्हटलं, प्रभू, मी इथे खाली आहे, तू तिथे वर जा.

मग थोरली खिडकीत आली. तिने मला खाली बघितलं. माझ्या चपला घेऊन खाली आली, माझ्या पायांपाशी ठेवल्या आणि शेजारी उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. आम्ही दोघी थोडा वेळ येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत होतो. मग भूक लागली म्हणाली, म्हणून वर आलो.

यंदाच्या नोव्हेंबरात ती उभी राहील का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. पांढरा झगा पेटीत आहे, तो होईल कोणालातरी.

काल तिने काय मागितलं, ते कदाचित ती तुला लिहील. लिहिलं, तर मला सांगू नकोस.

तुझी,
धाकटी